खाडाखोड

बंदराकडून वारा सुटला की
कोळसा येतो आमच्या कार्यालयात, अर्ज न करता.
काउंटरच्या काचेवर बसतो, शाईच्या पॅडवर,
चहावर आलेल्या सायीवर.
त्याला कुणी विचारत नाही, वास्कोत किती वर्षं.

पेच्चियम्माळ सुडलैमुत्तू. मांगोरहिल, शेवटची गल्ली.
नवरा खनिजाच्या बार्जवर होता.
बार्जी बंद पडल्या तेव्हा खोकला घेऊन घरी आला
आणि दोन वर्षांत आटोपला.
ही खारीवाड्यावर सुंगटं सोलते, किलोवर.
भाव करते कोंकणीत, शिव्या घालते कोंकणीत,
मोजते मात्र तमिळमध्ये.
दुसऱ्या भाषेत आकडे फसवतात म्हणे.

गेल्या महिन्यात नवीन पत्रक आलं.
पंधरा वर्षांचे पुरावे, सलग,
मध्ये एका महिन्याचीही फट नको.
फट असेल तर घर क्रमांक रद्द,
क्रमांक नाही तर नळ नाही.
मारिअम्मनच्या घुमटीवरची अक्षरं
त्याआधीच बुजवली होती,
पांढऱ्या रंगाचे दोन हात देऊन.
पत्रकात तमिळ हा शब्द कुठंच नव्हता.
‘इतर’ होता.

आणि मी, खोटं कशाला बोलू,
‘आधी आपली माणसं’ हा फलक
निवडणुकीत माझ्याच कुंपणावर होता.
बांधायला तारही मीच दिली होती.

सोबत मुलगी आली होती, पोन्मणी, सातवीतली,
आपल्या मराठी शाळेतली.
फॉर्म तिनंच वाचला, बोट ठेवून.
नाव. वय. व्यवसाय.
चौथा रकाना: मूल.
“एकच,” ती म्हणाली. “मी.
चिखलीच्या इस्पितळात झाले.”

मला हसू आलं नाही.
ते मूळ होतं. मूळ गाव.
वरून आलेल्या नव्या प्रणालीत ळ नाही.
माझं मळीकही त्यात मलिक होतं,
आणि त्यावरून एका साहेबानं
मला दोनदा विचारलं होतं, तुम्ही नक्की कुठले?
सत्तरीचा, मी म्हणालो, सात पिढ्यांचा,
पंख्याखाली घामाघूम.
आजोबाला तर पोर्तुगेजांच्या कारकुनानं
मोलीको लिहून टाकलं होतं.
त्यावर आम्ही अजून चवथीला हसतो.

छापून आलं: पेच्चियम्मल. भाषा: तमिल.
“काका, ळ राहिला,” पोन्मणी म्हणाली.
“बाई म्हणतात, ळ आपला.
आमच्यातपण आहे. आमच्यात तर दोन आहेत.”

मी पेन काढलं.
तीन ठिकाणी ल चा ळ केला,
जुन्या वळणाचा, सुबक,
वडील पाटीवर काढून द्यायचे तसा.
आईला वाचता येत नाही,
तरी तिनं कागद उजेडाला धरला आणि मान हलवली.
कागदाला सुंगटांचा वास लागला.

आठ दिवसांनी तो पणजीहून परत आला.
लाल शेरा: खाडाखोड. अग्राह्य.
खाली शिक्का मारायचा होता, माझ्याच टेबलाचा.
मुदत शुक्रवारीच संपलेली.

शिक्का मी मारला.
तो नीट उमटला नाही म्हणून
परत मारला.

नळ तोडायला उद्या माणसं जाणार.
पोन्मणी दप्तरासकट काउंटरपाशी उभी आहे,
काचेवरच्या कोळशात बोटानं काहीतरी गिरवते आहे.
माझ्या बाजूनं ते उलटं दिसतं.
ळ असेल,
किंवा त्यांच्या दोनांतला दुसरा,
जो मला येत नाही.

शिपाई फडकं घेऊन येतो.
मी म्हणतो, थांब जरा.
तो म्हणतो, कुणासाठी?